खरेदी कोणाकडून करावी? महामारीने घातलेला हिशेब



वार्षिक सर्वसाधारण सभेत एक प्रश्न हटकून येतो. अहवालातले भांडार खरेदीचे पान उघडून कोणीतरी उभे राहते आणि विचारते, "अमुक मालाची निविदा सगळ्यात कमी दराची होती, मग ती बाजूला ठेवून दुसऱ्याला ऑर्डर का दिली?" प्रश्न रास्त आहे. कारखाना सभासदांचा, पैसा सभासदांचा, तेव्हा विचारण्याचा हक्कही त्यांचाच. पण सभेच्या गडबडीत, माईकवर, दोन मिनिटांत त्याचे धड उत्तर देता येत नाही. म्हणून या अंकात जरा सविस्तर लिहावयाचे ठरविले आहे.

कमी दराची निविदा घ्यावी हा नियम चांगलाच आहे. त्याने वशिल्याला आळा बसतो. परंतु या नियमात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे ज्याने दर दिला तो माल देईलच. सरळ काळात तो देतोही. २०२० साली मात्र हे गृहीतच उलटे झाले, आणि कोणता पुरवठादार टिकणारा आणि कोणता नुसता कागदावरचा, हे साऱ्या दुनियेच्या कारखानदारीला एकदम दिसून आले.

तो काळ आठवा. २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून देश बंद झाला. २०१९ चा दुष्काळ आणि त्याच साली ऑगस्टात कोल्हापूर-सांगलीकडे आलेला महापूर यामुळे त्या हंगामात ऊस मुळात कमी होता. बऱ्याच कारखान्यांचे पट्टे पडले होते किंवा पडत आले होते. ज्यांचे गाळप चालू होते त्यांना चालू ठेवण्याची मुभा होती. पण मुभा असून काय उपयोग? गव्हाणीत ऊस टाकला की साखर बाहेर येते, एवढे सोपे ते नाही. मध्ये गंधक लागतो, चुना लागतो, वंगण लागते, आणि शेवटी पोते लागते.

पोत्यापासूनच सुरुवात करू, कारण त्यात सगळी गोम आहे.

रोजी ५००० टन गाळपाचा कारखाना घ्या, उतारा ११ टक्के धरा. दिवसाला ५५० टन साखर, म्हणजे ५० किलोची ११ हजार पोती. रोज! एक दिवस बारदान आले नाही तर साखर ठेवणार कोठे? सायलो असले तरी ते किती तास पुरणार? पोते हा किरकोळ माल वाटतो, पण त्याच्यावाचून सगळा कारखाना अडतो.

आता १९८७ च्या ताग पॅकिंग कायद्याप्रमाणे धान्य सगळे, आणि साखर गेली कित्येक वर्षे २० टक्के, तागाच्या पोत्यात भरण्याचे बंधन असते. वरच्या हिशेबात ती रोजची २२०० पोती झाली. ताग पिकतो मुख्यतः बंगालात, आणि गिरण्या बहुतेक हुगळी नदीच्या काठी. टाळेबंदीत त्या गिरण्या बंद पडल्या, आणि नेमकी तेव्हाच उत्तरेत गव्हाची सरकारी खरेदी तोंडावर आलेली. सरकारला धान्यासाठी प्लॅस्टिकच्या पोत्यांना परवानगी द्यावी लागली. गिरण्या हळूहळू सुरू होतात न होतात तोच २० मे २०२० रोजी अम्फान वादळ बंगालवर आले आणि उभ्या तागाचे नुकसान करून गेले. पुढच्या वर्षी कच्च्या तागाचा भाव इतका चढला की सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारला क्विंटलला ६५०० रुपयांची मर्यादा घालावी लागली, आणि ती २०२२ च्या मे महिन्यात काढून घ्यावी लागली.

यातून काय दिसते पाहा. आपण मुंबईच्या किंवा पुण्याच्या चार व्यापाऱ्यांकडून निविदा मागविल्या तर कागदावर चार पुरवठादार दिसतात. खरे तर ते चौघेही हुगळीकाठच्या त्याच गिरण्यांवर अवलंबून असतात. गिरणी बंद तर चौघेही बंद. चार विहिरी खणल्या, पण झरा एकच! म्हणून पुरवठादाराला विचारावयाचा पहिला प्रश्न दराचा नसावा. "तुम्ही माल कोठून आणता?" हा असावा. त्याच्या मागे कोण, आणि त्याच्याही मागे कोण. हे विचारले तर काही व्यापारी रागावतात, धंद्याचे गुपित म्हणतात. जो सांगतो त्याला थोडे झुकते माप द्यावे, असे आमचे मत आहे.

मग कोणी म्हणेल, प्लॅस्टिकचे पोते जवळ मिळते, स्वस्त मिळते, कायद्याने जेवढी सक्ती तेवढेच तागाचे घ्या आणि बाकीचे विसरा. बरोबर आहे, आणि बहुतेक कारखाने तसेच करतातही. परंतु एक लक्षात ठेवावे. प्लॅस्टिकच्या पोत्याचा दाणा तेल शुद्धीकरणाच्या आणि रसायनाच्या कारखान्यांतून येतो. तिथे संकट आले की तेही अडते. शिवाय फाटके प्लॅस्टिक पोते बांधाला, ओढ्याला अडकून राहते, आणि तागाचे कुजून मातीत जाते. ज्याच्या शेतात ते अडकते तो आपलाच सभासद. ताग लांबचा पण मातीचा, प्लॅस्टिक जवळचे पण न कुजणारे. यात एकच बरोबर असे उत्तर नाही. दोन्हीकडे एकेक पाय ठेवावा आणि दोन्हींचे साठे वेगवेगळ्या हातांतून यावेत, एवढेच म्हणता येईल.

येथे एक शब्द स्पष्ट करू. हल्ली सरकारी कागदांत "शाश्वत खरेदी" असा शब्द येतो. २०१७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्याविषयी आयएसओ २०४०० नावाची मार्गदर्शिकाच काढली आहे. शब्द जड आहे, पण अर्थ आपल्याला परका नाही. कसदार जमीन आपण कशी ओळखतो? यंदा किती टनेज दिले यावरच नाही, पुढच्या खोडव्याला ती काय देईल यावरही. मारून मुटकून, खताचा आणि पाण्याचा मारा करून एक वर्ष टनेज काढता येते, पण नंतर जमीन चोपण होते. पुरवठादाराचेही तसेच. आपल्या माणसांना पगार न देता, धूर नि सांडपाणी शेजाऱ्याच्या अंगावर सोडून, एखादा जण दर पाडू शकतो. संकट आले की त्याची माणसे आधी पळतात, त्याच्याच दाराला आधी कुलूप लागते.

हे आम्ही मनाने सांगत नाही. मलेशियातली टॉप ग्लोव्ह ही रबरी हातमोजे बनविणारी जगातली सर्वात मोठी कंपनी. महामारीत हातमोज्यांना सोन्याची किंमत आली. दवाखान्यांना मोजे पाहिजेत, कंपनीला फायदा पाहिजे, सगळे खुशीत! जुलै २०२० मध्ये अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याने या कंपनीच्या दोन उपकंपन्यांचा माल अडविला. कारण, नेपाळ-बांगलादेशहून आलेले मजूर नोकरी मिळविण्यासाठी दलालांना पैसे भरून कर्जबाजारी झालेले, आणि त्या कर्जात बांधलेल्यासारखे राबत असल्याची चिन्हे दिसली. नोव्हेंबरात त्याच मजुरांच्या दाटीवाटीच्या वसतिगृहांत करोना पसरला आणि कंपनीला आपले २८ कारखाने टप्प्याटप्प्याने बंद ठेवावे लागले. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेने मनाई आणखी वाढविली. कंपनीने मजुरांचे दलालीचे पैसे परत केले, राहण्याची व्यवस्था सुधारली, तेव्हा कोठे सप्टेंबर २०२१ मध्ये ती उठली. म्हणजे ज्या दवाखान्यांनी फक्त दर आणि उत्पादनाची ताकद बघून या एकाच ठिकाणी ऑर्डर दिली असेल, त्यांचा माल ऐन साथीत अडकला. मजुरांच्या खोल्यांत किती माणसे झोपतात, हा प्रश्न खरेदीदाराचा नाही असे त्यांना वाटत होते. तो त्यांचाच निघाला.

ही गोष्ट वाचून आपल्यातल्या जाणत्यांच्या मनात ऊसतोडीचा विचार आला असेल. यावाच. मुकादम हाही आपला पुरवठादारच आहे. तो माल पुरवीत नाही, माणसे पुरवितो. कोयत्यामागे उचल दिली जाते, ती फिटेपर्यंत टोळी बांधलेली. फडाशेजारी खोपी, पाण्याची आबाळ, पोरांची शाळा बुडालेली. टाळेबंदीत ही माणसे अडकली. राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या आवारात १ लाख ३१ हजार ऊसतोड मजूर तात्पुरत्या निवाऱ्यात होते. बीड, नगर, जालन्याकडे घरी म्हातारी माणसे, आणि इकडे हंगाम संपलेला. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने तपासणी करून त्यांना गावी पोहोचविण्याची परवानगी दिली आणि ती जबाबदारी कारखान्यांवर टाकली. ज्या कारखान्यांकडे टोळ्यांच्या नावानिशी याद्या होत्या त्यांचे काम लवकर उरकले. ज्यांच्याकडे फक्त मुकादमाचे नाव आणि कोयत्यांचा आकडा होता, त्यांना प्रत्येक खोपीत जाऊन नावे लिहून घेण्यापासून सुरुवात करावी लागली. "मजूर मुकादमाचे, आमचा संबंध नाही" हे वाक्य करारात शोभते, पण साथ आल्यावर त्याला काही अर्थ राहत नाही.

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे आणि ती सभासदांपासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी केली. त्यात १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या न्यूयॉर्क टाइम्सने हा विषय पुन्हा उचलला आणि ऊसतोडीतली ही परिस्थिती, उचलीचे कर्ज, बालविवाह यांचा संबंध थेट कोका-कोला, पेप्सी यांसारख्या कंपन्यांना जाणाऱ्या महाराष्ट्रातल्या साखरेशी जोडला. म्हणजे काय झाले? आपण खरेदीदार म्हणून जसे पोतेवाल्याला विचारावयाचे म्हणतो, "तुमच्या मागे कोण?", तसेच आता आपल्याला विचारणारे आले आहेत. शीतपेयवाले, बिस्किटवाले, औषधवाले साखर घेताना विचारतात की तोड कोण करतो, त्याला काय मिळते, मूल कोयत्याला आहे काय. बोनसुक्रो नावाची संस्था उसासाठी अशी प्रमाणपत्रेच देते. टॉप ग्लोव्हचे मजूर दलालीच्या कर्जात होते. आपल्याकडची उचल ती तशी नव्हे, ती आगाऊ मजुरी आहे, असे आपण म्हणतो. आणि अनेक टोळ्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण ते दाखवावयाचे झाले तर उचलीची नोंद मजुराच्या नावावर पाहिजे, फेडीचा हिशेब त्याच्या हातात पाहिजे. तो नसेल तर बाहेरचा माणूस काय समजेल ते समजेल.

शासनाने २०२१ मध्ये गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनाला १० रुपये आणि तितकीच रक्कम शासनाची, अशी तरतूद ठरविली. मजुरांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही आणली. या १० रुपयांवरून सभासदांत कुरबूर होते, ती आमच्या कानावर आहे. त्याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आले आहे असे आम्ही समजतो.

आता परत भांडाराकडे.

गंधकाचे घ्या. रस स्वच्छ करण्यासाठी आपण गंधक जाळून त्याची वाफ रसात सोडतो. टनामागे साधारण अर्धा किलो, म्हणजे ५००० टनांच्या कारखान्याला रोजी अडीच टन. हा गंधक येतो कोठून? पूर्वी खाणीतला यायचा. आता मुख्यतः तेल शुद्धीकरण कारखान्यांतून येतो, पेट्रोल-डिझेलमधला गंधक काढला की तो उरतो. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा दर्जाचे इंधन सक्तीचे झाले, म्हणजे इंधनातून गंधक अधिकच काढावा लागणार. आणि त्याच महिन्यात गाड्या बंद, देशातला इंधनाचा खप जवळजवळ निम्म्यावर. इंधनच विकले जाईना, तर शुद्धीकरण कमी आणि गंधकही कमी. लोक घरी बसले म्हणून साखर कारखान्याचा गंधक अडला, हे कोणाला सांगून तरी खरे वाटेल काय? पण साखळी असते ती अशी. आपल्या राज्याचे नशीब, की तोपर्यंत हंगाम आटोपत आला होता.

"मग वर्षाचा साठा करून ठेवा," असा सल्ला सभेत मिळतो. सल्ला चांगल्या मनाचा असला तरी प्रत्येक मालाला तो लागू पडत नाही. गंधकाची भुकटी ठिणगी पडली की पेट घेते. ढीग घालून ठेवणे म्हणजे आगीला आवतण. कळीचा चुना हवेतला ओलावा शोषून विरघळतो आणि मरतो, तीन महिन्यांनी पोत्यात भुकटी राहते. तागाचे बारदान पावसाळ्यात बुरशी धरते, उंदीर लागतात ते वेगळेच. साठवावे ते बेअरिंग, पंपाचे सुटे भाग, टर्बाइनच्या नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक कार्डे. कारण ती परदेशातून येतात, जागा कमी खातात आणि नासत नाहीत. जपानच्या टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर हेच केले होते. आपल्या पुरवठादारांना दोन ते सहा महिन्यांच्या इलेक्ट्रॉनिक चिपा साठवावयास सांगितल्या. म्हणून २०२१ च्या सुरुवातीला इतर मोटार कंपन्या अडल्या तरी ती चालली. पण आग्नेय आशियात साथ वाढली तशी सप्टेंबर २०२१ मध्ये तिलाही आपले जगभरचे उत्पादन ४० टक्क्यांनी कमी करावे लागले. साठा वेळ देतो. त्या वेळात दुसरा पुरवठादार शोधावयाचा असतो.

चुन्याच्या दराविषयी थोडे. समजा एकाने टनाला ८००० रुपये दर दिला आणि त्याच्या चुन्यात कामाचा कॅल्शियम ऑक्साइड ६० टक्के भरला. दुसऱ्याने ९२०० दर दिला आणि त्याचा भरला ७५ टक्के. कामाच्या चुन्याचा हिशेब काढला तर पहिला पडतो टनाला १३,३३३ रुपये आणि दुसरा १२,२६७. शिवाय पहिल्याच्या चुन्यात जे ४० टक्के दुसरेच काही आहे, ते वाळू-खडे होऊन पंप झिजविते आणि नळ्यांत साचते. निविदेच्या तक्त्यात मात्र पहिलाच वर. सभेत प्रश्न विचारताना हा तक्ता आणि प्रयोगशाळेचा दाखला, दोन्ही मागून घ्यावेत.

बिगर हंगामातल्या दुरुस्तीत निराळा अनुभव आला. कोल्हापूर-सांगलीकडच्या ओतशाळा साखर कारखान्यांची कितीतरी कामे करतात. २०२० च्या उन्हाळ्यात ज्या ओतशाळांचे मोल्डर, फर्नेसवाले सगळे बिहार-उत्तर प्रदेशकडचे होते आणि ज्यांची राहण्या-खाण्याची सोय मालकांनी केली नाही, ती माणसे गावाकडे गेली ती लवकर परतली नाहीत. जिथे मालकाने पगार चालू ठेवला तिथे भट्टी लवकर पेटली. आमच्या ओळखीच्या एका लहान कारखानदाराने टाळेबंदीत कामगारांना शेडमध्येच जेवण घातले. जूनमध्ये त्याच्याकडे काम जास्त आणि माणसेही हजर. त्याचा दर काही सगळ्यात कमी नव्हता.

म्हणजे जवळचा तो चांगला, असे म्हणावयाचे काय? नाही. येथे सभासदांनी सावध राहावे. "शाश्वत", "स्थानिक" हे शब्द गोड आहेत आणि त्यांच्या आडून पाहुण्या-रावळ्यांना ऑर्डरी देण्याची वाट फार सोपी होते. सहकारात हा रोग जुना आहे, कोणी नाकारू नये. संचालकाच्या भाच्याची एजन्सी जवळची आहे म्हणून ती टिकाऊ ठरत नाही. तिच्या मागेही तोच लांबचा कारखाना असतो, मध्ये फक्त कमिशन वाढते. यावर उपाय एकच दिसतो. दराशिवाय जे काही बघावयाचे ते निविदा फोडण्याआधी लिहून ठेवावे, कशाला किती गुण ते ठरवावे, आणि पाकिटे उघडल्यावर त्यात काना-मात्रेचाही बदल करू नये. माल कोठून येतो, कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी भरलेला आहे काय, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र चालू आहे काय, मागच्या तीन हंगामांत किती वेळा माल उशिरा आला. या गोष्टी कागदाने सिद्ध होतात, त्यात कोणाच्या मर्जीचा प्रश्न येत नाही. आणि कागदावर सगळे ठीक असले तरी वर्षातून एकदा जाऊन बघावे. न सांगता जावे हे उत्तम.

मोठ्या मालाची ऑर्डर एकालाच देऊ नये. कमी दरवाल्याला साठ टक्के, आणि दुसरा त्याच दराला तयार असेल तर त्याला चाळीस, अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी करतात. दुसरा थोडा कुरकुरतो, पण दार उघडे राहते म्हणून येतो. पहिल्याचा ट्रक घाटात अडला तर दुसऱ्याला फोन करता येतो. ज्याला वर्षभर विचारले नाही त्याला ऐन वेळी कोणत्या तोंडाने फोन करणार?

या सगळ्यात एक बाजू राहिली, ती आपली. पुरवठादार टिकावा असे वाटत असेल तर त्याचे पैसे वेळेवर द्यावे लागतात. हे सभासदांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपण सगळे उसाचे पुरवठादारच आहोत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल मिळाले पाहिजे, नाही तर १५ टक्के व्याज. पंधरावा दिवस उजाडला की आपण चिटबॉयपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना विचारतो. तसाच कायदा लहान उद्योगांसाठीही आहे. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याने त्यांचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावयाचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात आयकराचीही गाठ मारली. वेळेत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. पोतेवाला, चुनेवाला, लेथवाला यांचे चार-चार महिने पैसे अडकवून वर "संकटात साथ द्या" म्हणावयाचे, हे चालावयाचे नाही.

२०२० मध्ये याची दोन्ही रूपे दिसली. बांगलादेशातल्या कपडे कारखान्यांच्या युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या गिऱ्हाइकांनी एका महिन्यात तीनशे कोटी डॉलरहून अधिकच्या ऑर्डरी रद्द केल्या किंवा थांबविल्या, काही तर शिवून झालेल्या कपड्यांच्या. लाखो शिलाई कामगार, बहुतेक स्त्रिया, पगारावाचून घरी बसल्या. उलट स्वीडनच्या एच अँड एमने मार्चच्या अखेरीस जाहीर केले की तयार झालेला आणि शिवायला लागलेला सगळा माल आम्ही उचलू. युनिलिव्हरने लहान पुरवठादारांना लवकर पैसे देणे वगैरेंसाठी ५० कोटी युरोची सोय केली. त्यांना काही दानधर्म करावयाचा नव्हता. साथ संपल्यावर माल कोणाकडून आणणार, एवढाच साधा विचार.

आणि कधी कधी आपणच दुसऱ्यांचा आधार होतो. १३ मार्च २०२० रोजी मुखपट्ट्या आणि हात धुण्याचे सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंत घातले गेले आणि राज्यातल्या अनेक साखर कारखान्यांच्या आसवन्यांनी सॅनिटायझर काढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कृतीत ८० टक्के अल्कोहोल, थोडे ग्लिसरीन, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कोहोल आपल्याकडे टाक्या भरून. अडले कशाला? बाटलीला आणि तिच्या झाकणाला. २०२१ च्या एप्रिलात प्राणवायूची ओढाताण झाली तेव्हा उस्मानाबादच्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने इथेनॉल प्रकल्पात फेरफार करून प्राणवायू तयार केला; देशात असे करणारा तो पहिला. ज्यांचे तंत्रज्ञ, वर्कशॉप आणि सुटे भाग देणारे हाताशी असतात त्यांनाच असे काही सुचते आणि साधते.

येत्या हंगामाच्या बारदान, चुना आणि गंधक यांच्या निविदांचे गुणांकन निविदा फोडण्यापूर्वी सूचना फलकावर लावावे, असा आमचा आग्रह आहे. पुरवठादारांच्या भेटीचे अहवाल आणि प्रयोगशाळेचे दाखलेही भांडार विभागात सभासदांना बघावयास मिळावेत. ज्या सभासदांच्या गावात किंवा ओळखीत पोती शिवणारे, ओतकाम करणारे, पंप दुरुस्त करणारे लहान कारखानदार असतील त्यांनी नाव-पत्ता आणि ते कोणता माल कोठून आणतात एवढे लिहून शेतकी गट ऑफिसात द्यावे. स्वतःचा नातेवाईक असल्यास तसे लिहावे, म्हणजे पुढे घोटाळा नको.